नॉक-ऑन झाला होता, पण तो बघायचा अधिकार होता का?

तिरपी_शिट्टी

परवा २०२३च्या रग्बी विश्वचषकाची फायनल पुन्हा एकदा पूर्ण बघितली. स्कोअर पाठ आहे, दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. तरीही न्यूझीलंडचा आरन स्मिथ चेंडू टेकवत ट्राय लाइनपलीकडे पडला (म्हणजे पाच गुणांचा ट्राय) तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलोच. तो ट्राय रद्द होणार हे माहीत असूनही!

ज्यांनी सामना बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅरिसजवळचं स्टाड द फ्रान्स, २८ ऑक्टोबर २०२३. दुसऱ्या हाफमधली पंधराएक मिनिटं होत आलेली, आफ्रिका १२-६ पुढे. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन लाल कार्ड घेऊन बाहेर बसलेला. लाइनआउट (बाजूच्या रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं) होतो, चेंडू फिरतो, रिची मोउंगा बचाव फोडून घुसतो आणि स्मिथ ट्राय टाकतो. रेफरी वेन बार्न्स ट्राय देतो. मग कानात टीएमओ, म्हणजे रिप्ले बघणारा अधिकारी, टॉम फोली बोलतो: लाइनआउटमध्ये आर्डी साव्हेयाच्या हातून चेंडू पुढे गेला होता, म्हणजेच नॉक-ऑन. ट्राय रद्द.

नॉक-ऑन झाला होता. मी न्यूझीलंडवाला असूनही हे मान्य करतो. माझा मुद्दा वेगळा आहे. टीएमओच्या तेव्हाच्या नियमावलीप्रमाणे ट्रायच्या आधीच्या दोन फेजपर्यंतच मागे जाता येत होतं. अपवाद फक्त धोकादायक खेळाचा. साव्हेयाचा नॉक-ऑन त्याहून मागचा. म्हणजे मैदानावरच्या तिघांना जे दिसलं नाही, ते ज्याला दिसलं त्याला बोलायची मुभाच नव्हती. तरी तो बोलला, आणि विश्वचषकाच्या फायनलमधला ट्राय पुसला गेला.

माझ्या मते तो ट्राय राहायला हवा होता. या, तुटून पडा.

हिरवा_बाण

नॉक-ऑन झाला. नॉक-ऑन झाला की ट्राय नाही. विषय संपला, धागा बंद करा.

चोर रंगेहाथ सापडला, पण पोलीस दुसऱ्या चौकीचा होता म्हणून चोराला हार घालून घरी सोडायचं का?

वकीलसाहेब

बाणभाऊ, कोर्टात कधीकधी अगदी तेच होतं, आणि त्याला कारण असतं. :)

दोन फेजची मर्यादा कोणी उगाच घातलेली नाही. रग्बीत प्रत्येक रकमध्ये कोणीतरी बाजूने घुसलेला असतो, कोणाचा तरी हात नको तिथे असतो. दहा-बारा फेज चाललेल्या हल्ल्यात सुरुवातीपासून उकरायला बसलात तर जगातले निम्मे तरी ट्राय टिकणार नाहीत.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. हे उकरणं एकतर्फी असतं. ट्राय झाला तरच मागे जाऊन बघतात. त्याच हल्ल्यात बचाव करणाऱ्याने ऑफसाइड राहून चेंडू अडवला असता आणि ट्राय झालाच नसता, तर कोण मागे गेलं असतं? कोणी नाही. म्हणजे हल्ला करणाऱ्याची प्रत्येक चूक भिंगाखाली आणि बचाव करणाऱ्याची फक्त रेफरीच्या डोळ्यांपुरती. मर्यादा आहे म्हणून हा असमतोल जरा तरी आटोक्यात राहतो.

हिरवा_बाण

सगळं पटलं. पण करोडो लोक टीव्हीवर बघतायत, स्टेडियमच्या स्क्रीनवर दिसतंय, चेंडू पुढे गेलाय. आणि टीएमओ गप्प बसला असता तर? आज तुम्हीच दुसरा धागा काढला असतात: "सगळ्या जगाला दिसलं, एकट्या टीएमओला का नाही?"

तिरपी_शिट्टी

मी नसता काढला. तुम्ही काढला असतात!

नवशिका_पंधरावा

माफ करा, मध्येच घुसतोय. मी क्रिकेटवाला, रग्बी नुकतंच बघायला लागलोय. फेज म्हणजे काय? आणि टीएमओ आणि बंकर एकच की वेगळे? कॉमेंट्रीत दोन्ही ऐकू येतं.

वकीलसाहेब

या या. खेळाडू टॅकल होऊन खाली पडला, त्याच्यावर दोन्हीकडची माणसं वाकून रक झाला, आणि त्यातून चेंडू पुन्हा बाहेर आला की एक फेज संपली, दुसरी सुरू. ढोबळ व्याख्या आहे, जाणकारांनी ह.घ्या.

टीएमओ म्हणजे आपला थर्ड अंपायर. फरक इतकाच की तो स्वतःहूनही रेफरीच्या कानात बोलतो. बंकर फक्त कार्डांसाठी. टॅकल धोकादायक वाटला, पण लाल की पिवळं हे पटकन ठरत नसेल, तर रेफरी पिवळं देऊन खेळाडूला बाहेर पाठवतो आणि खेळ चालू राहतो. बाहेर बसलेला वेगळा अधिकारी आठ मिनिटांच्या आत सगळे अँगल बघून सांगतो, पिवळंच राहू दे किंवा लाल कर. पुरुषांच्या विश्वचषकात हे २०२३लाच पहिल्यांदा आलं.

नवशिका_पंधरावा

धन्यवाद. म्हणजे डीआरएस, पण रिव्ह्यू घ्यायचा अधिकार खेळाडूंना नाही?

वकीलसाहेब

बरोबर. कॅप्टनने जाऊन कितीही हात हलवले तरी काही होत नाही. फार हलवले तर उलट दहा मीटर मागे जायची वेळ येते.

गनिमी_कावा

ट्रायवर सगळे रडतायत. पण खरा सामना कार्डांवर फिरला, त्यावर कोणीच काही लिहिलेलं नाही.

केन २८व्या मिनिटाच्या आसपास आफ्रिकेच्या जेसी क्रीलला टॅकल करतो. ताठ उभा, खांदा थेट डोक्याला. पिवळं, बंकर, लाल. पुरुषांच्या विश्वचषक फायनलमधलं पहिलं लाल कार्ड. मग दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसी साव्हेयाच्या डोक्याला धडकतो. पिवळं, बंकर, आणि पिवळंच कायम. दोन कॅप्टन, दोन डोक्याच्या धडका, दोन निकाल. न्यूझीलंडने पन्नास मिनिटं चौदा जणांत काढली आणि आफ्रिकेने दहा मिनिटं. हे कोणत्या तराजूत बसतं?

हिरवा_बाण

नियमाच्याच तराजूत. प्रश्न चार, तेही ठरलेल्या क्रमाने. डोक्याला लागलं का? त्यात चूक होती का? धोका किती? आणि शेवटी, शिक्षा कमी करावी असं काही कारण आहे का? केन वाकलाच नाही. कोलिसी कमरेत वाकून येत होता, जोर केनइतका नव्हता. हे मी नाही, बंकरने सलग दोनदा बघून ठरवलंय.

गनिमी_कावा

"जोर केनइतका नव्हता" हे टीव्हीवरून कसं मोजलंत? वजनकाटा लावला होता?

आणि हो, केनचं लाल योग्यच होतं. माझी तक्रार कोलिसीबद्दल आहे. लोक सोयीने दोन्ही एकत्र करतात आणि मग म्हणतात, न्यूझीलंडवाले लाल कार्डावर रडतात.

हिरवा_बाण

मग आमचीही एक जखम ऐका. तिसऱ्याच मिनिटाला न्यूझीलंडचा शॅनन फ्रिझेल रकमध्ये आमच्या, म्हणजे आफ्रिकेच्या, बोंगी म्बोनांबीच्या पायावर पडला. फ्रिझेलला पिवळं, दहा मिनिटं बाहेर बसून आला परत. म्बोनांबी मात्र सामन्यातूनच गेला. आणि तो आमच्याकडचा एकमेव अस्सल हूकर (लाइनआउटला चेंडू आत टाकणारा) होता! माल्कम मार्क्स आधीच जायबंदी होऊन स्पर्धेबाहेर. उरलेला जवळजवळ सगळा सामना डीऑन फूरीने काढला, जो मुळात फ्लँकर. आमचे लाइनआउट त्या रात्री कसे हेलकावे खात होते ते आठवा. ते पिवळं लाल झालं असतं तर कोणाला नवल वाटलं असतं? पण आम्ही धागा काढला नाही.

कपाटातला_चेंडू

"आम्ही धागा काढला नाही" हे जिंकणाऱ्याने म्हणू नये. :))

गंमत बघा. मार्क्स गेला म्हणून हूकरच्या जागी संघात कोण आलं? हँड्रे पोलार्ड. फ्लाय-हाफ, म्हणजे किका मारणारा! हूकर नसल्याचा फटका फायनलमध्ये बसला, आणि आफ्रिकेचे सगळे बारा गुण त्याच पोलार्डच्या चार पेनल्टींमधून आले. नशिबाचा हिशोब कोणाला कळलाय.

काटेरी_फूल

मी स्कॉटलंडवाली. तुमचं भांडण मजेत वाचत होते, आता राहवत नाही.

२०१५चा विश्वचषक, ट्विकनहॅम, क्वार्टर फायनल. शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही ऑस्ट्रेलियाच्या ३४-३२ पुढे. आमच्याच लाइनआउटवर चेंडू निसटतो, जॉन वेल्शच्या हातात पडतो, आणि रेफरी क्रेग जुबेर ऑफसाइडची पेनल्टी देतो. बर्नार्ड फोलीची किक. ३५-३४. शिट्टी वाजते आणि जुबेर कोणाशी हात न मिळवता पळत आत जातो. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बी, म्हणजे खेळाची जागतिक संघटना, म्हणते: चेंडू मध्ये ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सला लागला होता, पेनल्टी नव्हे, स्क्रम (दोन्ही संघांनी एकमेकांना रेटत चेंडू मिळवणं) हवा होता. आणि पुढे काय म्हणते? नियमावलीत बसत नसल्यामुळे जुबेरला टीएमओकडे जाता आलं नसतं.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. आमच्या वेळी सगळ्या स्टेडियमला चूक दिसत होती आणि नियमावलीचं कुंपण कोणी ओलांडलं नाही, म्हणून आम्ही घरी गेलो. आठ वर्षांनी फायनलमध्ये कुंपण ओलांडलं आणि त्याला न्याय म्हणतायत. मला दोन्हींपैकी काहीही चालेल हो. पण एक काहीतरी ठरवा, आणि आमच्या सामन्याच्या आधी ठरवा.

वकीलसाहेब

ताई, दंडवत. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

तिरपी_शिट्टी

हेच, अगदी हेच मला मूळ लेखात म्हणायचं होतं आणि जमलं नव्हतं.

हिरवा_बाण

मान्य, उदाहरण जबरदस्त आहे. पण काटेरीताई, प्रामाणिकपणे सांगा. २०१५ला जुबेरने कुंपण ओलांडून टीएमओला विचारलं असतं आणि स्क्रम दिला असता, तर तुम्ही म्हणाला असतात का, "नाही नाही, नियमावलीत बसत नाही, ऑस्ट्रेलियाला पेनल्टी द्या"?

काटेरी_फूल

नसते म्हणाले. पण मग ऑस्ट्रेलियावाल्याने धागा काढला असता आणि तो बरोबर ठरला असता.

आणि जखमेवर मीठ म्हणून २०२४चा मरेफील्डचा फ्रान्सविरुद्धचा सामनाही आहेच. शेवटच्या क्षणी सॅम स्किनर माणसांच्या ढिगाखाली चेंडू घेऊन लाइनवर पडला. मैदानावरचा निर्णय ट्राय नाही. मग रिप्लेवर रिप्ले. चेंडू टेकल्यासारखा दिसतो, पण निर्णय फिरवावा इतका ठळक पुरावा नाही. १६-२० हरलो. तिथे मात्र प्रक्रिया पाळली, हे जड मनाने मान्य करते. जड म्हणजे फारच जड.

नवशिका_पंधरावा

हे अंपायर्स कॉलसारखंच झालं की! मैदानावरचं मत आधी, ते खोडायला पक्का पुरावा लागतो.

कपाटातला_चेंडू

तसंच. म्हणून रेफरी टीएमओला काय विचारतो त्यावर कान ठेव. "मी ट्राय दिलाय, न देण्यासारखं काही आहे का" आणि "मी ट्राय दिलेला नाही, देण्यासारखं काही आहे का", यात अर्धा सामना असतो.

जुना_फ्लँकर

बऱ्याच दिवसांनी इकडे आलो. वेन बार्न्सचं नाव निघालं आणि २००७चा विश्वचषक कोणी काढला नाही, याचं नवल वाटतंय. वय झालं म्हणायचं माझं.

कार्डिफ, क्वार्टर फायनल, फ्रान्स २०, न्यूझीलंड १८. शेवटच्या टप्प्यात दामियाँ त्राय मिशलाकला पास देतो, मिशलाक पळतो, जोझियाँ ट्राय टाकतो. तो पहिला पास पुढे गेला होता. चांगला ठळक पुढे. रेफरी कोण? अठ्ठावीस वर्षांचा बार्न्स. पास पुढे गेला की नाही हे तेव्हा टीएमओला विचारायची सोयच नव्हती. न्यूझीलंड सेमीफायनलच्या आत बाहेर पडलं अशी तीच एक स्पर्धा, आणि त्या पोराच्या नावाने तिकडे कित्येक वर्षं शिमगा चालला.

आता २०२३ बघा. तोच माणूस, १११ कसोटी सामन्यांचा विक्रम नावावर, कारकिर्दीतला शेवटचा सामना, समोर पुन्हा न्यूझीलंड. २००७ला कोणी मागे जाऊन बघितलं नाही म्हणून ते हरले. २०२३ला कोणीतरी गरजेपेक्षा जास्त मागे गेलं म्हणून हरले. मला त्या दिवशी न्यूझीलंडपेक्षा बार्न्सचीच कीव आली.

गनिमी_कावा

वा! हे जोडणं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अवांतर: फॉरवर्ड पासवर मात्र बार्न्सला थोडी सवलत द्या. धावत्या खेळाडूने सरळ मागे फेकलेला चेंडूही जमिनीच्या रेषांच्या हिशोबाने पुढेच जाताना दिसतो, कारण फेकणाऱ्याचा वेग त्यात मिसळलेला असतो. म्हणून बघायचं असतं ते हात कुठल्या दिशेला सुटले ते. मैदानावरच्या आडव्या रेषा फसवतात.

जुना_फ्लँकर

बाळा, ते सगळं खरं. २००७चा तरी पुढेच होता. :)

हिरवा_बाण

न्यूझीलंडवाल्यांची यादी वाढतेय, म्हणून एक आठवण. २०२२, मेलबर्न. ऑस्ट्रेलिया ३७-३४ पुढे, वेळ संपत आलेली, त्यांना स्वतःच्या ट्राय लाइनजवळ पेनल्टी मिळालेली. बर्नार्ड फोली किक मारायला वेळ लावतो म्हणून रेफरी मात्यू रेनाल पेनल्टी काढून घेतो आणि न्यूझीलंडला स्क्रम देतो. त्यातून जॉर्डी बॅरेटचा ट्राय, ३९-३७. नियमात बसतं का? बसतं. इतक्या मोक्याच्या क्षणी असा निर्णय मी तरी दुसरा बघितलेला नाही. तेव्हा तुमच्यापैकी किती जणांनी "खेळाचा आत्मा दुखावला" म्हणून धागा काढला होता?

तिरपी_शिट्टी

एकानेही नाही. मी तर नाचलो होतो.

काटेरी_फूल

या प्रामाणिकपणाबद्दल धागाकर्त्याला पूर्ण गुण.

जुना_फ्लँकर

एक बोलायचं राहिलं, आणि ते हसण्यावारी नेऊ नका. फायनलनंतर टीएमओ टॉम फोलीला आणि बार्न्सला ज्या धमक्या आल्या त्यात घरच्यांनाही सोडलं नव्हतं. फोलीने आंतरराष्ट्रीय सामन्यांतून अंग काढून घेतलं. दोन वर्षं आधी ब्रिटिश-आयरिश लायन्स संघाच्या दौऱ्यात आफ्रिकेच्या रग्बीचा संचालक रासी एरासमसने रेफरी निक बेरीच्या चुका दाखवणारा तासाभराहून मोठा व्हिडिओ बाहेर येऊ दिला, त्याबद्दल बंदीही भोगली. पण तेव्हापासून रेफरीचं नाव घेऊन क्लिपा कापायचा धंदाच सुरू झालाय. आमच्या वेळी रेफरीशी बोलायचं ते कॅप्टनने, आणि "सर" म्हणून. चुका तेव्हाही होत होत्या. भरपूर होत होत्या.

हिरवा_बाण

काका, एरासमसबद्दल तुमचं ऐकतो. आमच्या बाजूचं ते वागणं मलाही आवडलं नव्हतं. पण त्या आठवड्यात आमच्या कॅप्टनला मैदानावर जी वागणूक मिळाली तीही विसरू नका. बाकी धमक्यांबद्दल शंभर टक्के सहमत.

कपाटातला_चेंडू

मला वेगळंच सुचतंय. समजा स्मिथचा ट्राय राहिला असता. पाच गुण, १२-११. कन्व्हर्शन (ट्रायनंतरची दोन गुणांची किक) साधलं तर १३-१२. पण मग खेळ मध्यातून सुरू झाला असता, आणि काही मिनिटांनी, ५८व्या मिनिटाला, बोडन बॅरेटने टाकलेला ट्राय झालाच नसता! म्हणजे दोन्ही जगांत न्यूझीलंडच्या खात्यात त्या टप्प्यात एकच ट्राय. फरक उरतो तो कन्व्हर्शनचा आणि घड्याळाचा. खऱ्या जगात मोउंगाचं कन्व्हर्शन हुकलं. तुम्ही सगळे ज्याला चोरी म्हणताय ती पाच गुणांची नाही, दोन गुणांच्या एका शक्यतेची आहे.

तिरपी_शिट्टी

असं गणित कधी बसत नसतं हो. पुढे असलेला संघ वेगळा खेळतो. पण मला हे आधी सुचलं नव्हतं, हे कबूल. रात्रीची झोप गेली माझी.

गनिमी_कावा

आणि ७३व्या मिनिटाला? आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे मुद्दाम हाताने चेंडू पुढे मारतो, पिवळं. आफ्रिकाही चौदा, न्यूझीलंडही चौदा, एका गुणाचा फरक, सात मिनिटं हातात. पेनल्टी जवळपास ४९ मीटरवर. टचला, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर, मारून लाइनआउट घ्यायचा सोडून जॉर्डी बॅरेट गोलवर मारतो. हुकली. त्यात कोणाची शिट्टी नव्हती, कोणाचा बंकर नव्हता.

हिरवा_बाण

त्या स्पर्धेत बाद फेरीतले तिन्ही सामने आम्ही एका गुणाने जिंकलो. फ्रान्स २९-२८, इंग्लंड १६-१५, आणि हा. फ्रान्सच्या सामन्यात कोल्बेने रामोसचं कन्व्हर्शन धावत जाऊन अडवलं, त्यावरही लोक रेफरीला शिव्या घालतात. किकरने पाऊल उचललं की धावायला मोकळीक असते, नियमच आहे तो. दोन गुण अडवले, एका गुणाने जिंकलो.

काटेरी_फूल

धावायला तो जरा लवकर निघाला होता असं नाही वाटत? बरं, नको. तो दुसऱ्या धाग्याचा विषय.

तिरपी_शिट्टी

आता माझं मत. बदललं नाही, पण टोक घासलं गेलं. ट्राय राहायला हवा होता, हे अजूनही म्हणतो. पण "ट्राय रद्द केला म्हणून हरलो" हे यापुढे म्हणणार नाही. केनचं कार्ड आमच्या कर्मानं होतं, आणि पीटर-स्टेफ डू टॉइटने एकट्याने २८ टॅकल केले त्यात टीएमओचा काय दोष. बाकी २० मिनिटांचं लाल कार्ड, म्हणजे दोषी खेळाडू परत येत नाही पण वीस मिनिटांनी दुसरा उतरवता येतो, ते आता मोठ्या सामन्यांत आलंय. २०२५च्या युरोपातल्या सिक्स नेशन्स स्पर्धेत होतंच. त्या रात्री असतं तर हाफ टाइमनंतर लवकरच आम्ही पंधरा झालो असतो.

वकीलसाहेब

आणि काटेरीताईंचा मुद्दा? कुंपण कुठे घालायचं?

तिरपी_शिट्टी

तो तसाच आहे. त्याला माझ्याकडे उत्तर असतं तर शिट्टी घेऊन मैदानात असतो, इथे नसतो.

नवशिका_पंधरावा

तुमच्या धाग्यामुळे काल अख्खा सामना बघितला. खरं सांगू, रकमध्ये कोण कुठून घुसलं ते काही कळलं नाही. नॉक-ऑन तीनदा मागे नेऊन बघितला, तेव्हा कुठे दिसला. शेवटच्या मिनिटांत कोल्बे बाहेर खुर्चीवर जर्सी तोंडावर ओढून बसला होता, मैदानाकडे बघवत नव्हतं त्याला. एवढं मात्र पहिल्याच वेळेला समजलं.